एकशे चौदा नावं

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

कादंबरी परत आली. ठाण्याच्या प्रकाशकांकडून फोन आला की येऊन घेऊन जा, म्हणून दुकान बंद करून गेले. तीनशे बारा पानं, मी बांधली होती त्याच लाल नाडीत, आणि वर एक चिठ्ठी. 'विषय चांगला आहे, पण फार पसरलंय. कशेळीला केसरीनाथ सर राहतात. चाळीस वर्षं संपादन केलेला माणूस आहे. त्यांच्याबरोबर बसून दुरुस्त करा. ते हो म्हणाले तर आम्ही छापू.'

म्हणजे होकार नाही आणि नकारही नाही. मुलगी बघायला आलेले लोक पोहे खाऊन 'कळवतो' म्हणतात, त्यातली गत. पण गेली चार वर्षं मी दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा कम्प्युटरच्या एका कोपऱ्यात फाइल उघडी ठेवून हे लिहिलंय. नवरा गेल्यावर दुसरं करण्यासारखं होतं काय? रूपा लग्न होऊन डोंबिवलीला, घरात मी आणि टीव्ही. सत्तेचाळीस वर्षांच्या, भिवंडीत लग्नपत्रिका छापणाऱ्या बाईने कादंबरी लिहिली म्हटल्यावर लोक हसणार. हसू देत. मला ती छापून हवीय. इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने कोणाला सांगायची लाज वाटते.

आजपासून ही वही. हिच्यात खरं लिहायचं, एवढं एकच ठरवलंय.

१० जानेवारी, शुक्रवार

शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात, बाजार सुस्त असतो, म्हणून सरांकडून शुक्रवारच मागून घेतला. कशेळीला खाडीच्या अंगाला नवे टॉवर उभे राहिलेत, त्यातल्या एकात नवव्या मजल्यावर ते एकटे राहतात. वय शहात्तर. डाव्या कानाने ऐकू येत नाही. बिस्किट चहात बुडवतात आणि ते तुटून पडायच्या आत तोंडात टाकतात, त्या वेळी जगात दुसरं काही नसतं. मी बाड पुढे केलं तर म्हणाले, "मला कशाला देता? वाचा. मोठ्याने."

मी म्हटलं, सर, तीनशे पानं आहेत.

"मग लवकर सुरू करा."

चौथ्या पानावर त्यांनी हात वर केला. "आत्तापर्यंत किती माणसं आली?" त्यांनी बोटांवर मोजली होती. एकोणीस. "आणि मला त्यातलं एकही आठवत नाही," म्हणाले.

आता यांना कसं समजावू? पहिलं प्रकरण नायिकेच्या लग्नाचं आहे. लग्न म्हटलं की आजे, पणजे, चुलते, मावश्या, आतेभाऊ, गावचे पाटील, सगळे येणार. आमच्यात पत्रिकेत एक नाव राहिलं तर माणसं जेवायला येत नाहीत, आणि पुढे त्यांची पोरंही एकमेकांच्या दारात जात नाहीत. गेल्या वर्षी मी एका पत्रिकेत एकशे साठ नावं बसवली, सहा पॉइंटात, भिंग लावून वाचावी लागतील अशी. पण एकही सुटलं नाही. तोच हात कादंबरीला लागला असणार.

सर म्हणाले, "बाई, कादंबरी म्हणजे पत्रिका नव्हे. इथे कोणी रुसायला येत नाही. घरी जाऊन नावं मोजा. ज्याला काढल्यावर गोष्टीचं काही अडत नाही, त्याला काढा."

घरी येऊन मोजली. एकशे चौदा.

१६ जानेवारी, गुरुवार

आज माझ्या माहेरची, अंजूरची पार्टी आली, या महिन्यातली तिसरी. राघोकाका, नातवाच्या लग्नाची पत्रिका छापून घ्यायला. अंजूरफाट्याची दोन दुकानं सोडून एवढ्या ट्रॅफिकमधून माझ्याकडे कशाला आलात, म्हणून विचारलं. काका म्हणाले, "भूपेश बोलला, पत्रिका छापाची त सुवर्नाकडंच जा. तिच्याकडं नाव चुकाचं न्हाय."

भूपेश माझा सख्खा दादा. चार वर्षांनी मोठा. सहा वर्षं आम्ही बोललेलो नाही. तेव्हा हा टोमणाच. 'नाव चुकाचं न्हाय' म्हणे. गावची माणसं एकेक करून पाठवायची आणि मला टोचत राहायचं, हा त्याचा उद्योग. रागात मी काकांना चहासुद्धा विचारला नाही. आता वाईट वाटतंय, म्हातारं माणूस दोन रिक्षा बदलून आलं होतं.

काय झालं होतं ते लिहून ठेवते. २०१९च्या मे महिन्यात रूपाचं लग्न झालं. तिच्या पत्रिकेत मामाचं नाव राहून गेलं. जुनीच फाइल छापायला गेली, कम्प्युटरचा घोळ. मामा म्हणजे मुलीला हाताला धरून मांडवात आणणारा माणूस, आणि त्याचंच नाव नाही. हळदीच्या दिवशी दादा-वहिनी आले. दादाने आहेर ओटीवर ठेवला आणि पाणीही न पिता गेला. तेव्हापासून माझं माहेर बंद. आई आधीच गेली होती, त्यामुळे मध्ये पडणारंही कोणी राहिलं नाही.

दुकानापासून अंजूर नऊ किलोमीटर आहे. कम्प्युटरची चूक माणसाने किती वर्षं धरून बसावं?

२६ जानेवारी, रविवार

नावं काढतेय. जुन्या नमुना-पत्रिकांच्या पाठीवर एकेक नाव लिहिलं आणि पलंगावर पसरलं. एकेक उचलायचं आणि स्वतःला विचारायचं, हे माणूस नसतं तर काय बिघडलं असतं? बहुतेकांवाचून काहीच बिघडत नाही. चौऱ्याहत्तर काढली, चाळीस उरली. काढलेली कचऱ्यात टाकवेनात, चपलेच्या खोक्यात भरून ठेवली.

रूपाचा फोन. तिला सांगितलं तर म्हणाली, "आई, आत्याला काढू नको हं. मी तिला सांगून ठेवलंय, तू पुस्तकात आहेस म्हणून." मी म्हटलं, आत्या खोक्यात गेली. रूपा पाच मिनिटं हसत होती. मग हळूच म्हणाली, "आणि मामा? तो आहे का पुस्तकात?"

नाही, म्हटलं. मुळात नव्हताच, काढायचा प्रश्न येत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली दोन प्रकरणं गेली. सरांनी नुसती पेन्सिल आडवी ओढली. "तुम्ही अजून दारात चपलाच काढताय. ज्या दिवशी काहीतरी बदललं, त्या दिवसापासून सुरू करा." छत्तीस पानं. त्यातल्या एका परिच्छेदावर मी पूर्ण दिवाळी घालवली होती. मी तोंड पाडलं तर म्हणाले, "वाया नाही गेली. तुम्हाला माहीत असायला हवी होती ती पानं, वाचकाला नको."

मग नायिकेच्या आईवर आले. मी तिच्या तोंडी घातलंय, 'मुली, संसारात संयम हाच खरा दागिना असतो.' सरांनी विचारलं, "तुमची आई असं बोलायची?"

"न्हाय," मी म्हटलं. तोंडून तसंच निघालं.

"मग कसं बोलायची?"

मी आठवून बोलले. "गप ऱ्हा जरा. भाकरी करपली त काय सासू करपली?" सर एवढे हसले की बिस्किट बुडालं. मला मात्र पुढचं वाचता येईना. कितीतरी वर्षांनी आईचा आवाज माझ्याच तोंडून ऐकला. आई, गुणाबाई, अख्ख्या अंजुरात मोठ्या आवाजाची म्हणून ठाऊक होती, आणि मी तिला पुस्तकात नेऊन शाळेतली बाई करून टाकली होती.

सर म्हणाले, निवेदन तुमचं लिहिण्याचं असू दे, पण माणसं बोलतील तेव्हा त्यांना त्यांच्या घरचं बोलू द्या. येताना रिक्षात बसल्या बसल्या मी आईची वाक्यं मनात लावत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता, बाई एकटीच काय पुटपुटते म्हणून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एका बाईचा फोन, गोड आवाज. त्यांची संस्था माझी कादंबरी महिन्यात छापणार, प्रकाशन सोहळा, शाल, वर एक पुरस्कारही. फक्त 'पॅकेज' मी निवडायचं. संध्याकाळपर्यंत मी पुरस्कार घेताना कुठली साडी नेसायची ते ठरवलंही.

सरांना फोन केला. "लेखकाकडे पैसे मागतो तो प्रकाशक नव्हे, छापखाना," म्हणाले. "छापखाना तुम्हीच आहात की." ते खरं आहे. मीही गिऱ्हाइकाला हवं ते छापून देते, लग्न टिकेल की नाही विचारत नाही.

शेजारच्या लूमवाल्या चाचांनी काचेतून डोकावून विचारलं, "मॅडम, दिनभर क्या लिखती हो? किसकी पत्रिका है इतनी लंबी?" मी म्हटलं, मेरी ही समझो. ते म्हणाले, "मुबारक हो." आणि गेले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सरांशी भांडून आले.

सगळं वाचून संपलं. आता बावीसच नावं आहेत, पानं एकशे नव्वद. मला वाटलं आता शाबासकी. सरांनी बिस्किट चहात बुडवून खाल्लं. मग म्हणाले, "ही बाई एकदाही चुकत नाही. नवरा आजारी पडतो, सासरचे छळतात, लोक नावं ठेवतात, सगळं तिला होतं. ती स्वतः काही करत नाही. अशा बाईची कीव येते, पण तिच्यामागे कोणी दोनशे पानं चालत नाही. तिच्या हातून एक तरी वाईट गोष्ट होऊ द्या."

मी म्हटलं, वाईट बाई नाहीच आहे ती.

"वाईट कशाला हवी? वाईट गोष्ट चांगल्या माणसाच्याच हातून झालेली लिहायची असते." मग म्हणाले, "दुसरं. ती आठ वेळा माहेरी जाते. दार कोण उघडतं?"

"आमच्याकडे दारं उघडीच असतात, सर."

"आई वारल्यानंतरही जाते. तेव्हा त्या घरात राहतं कोण?"

मी पानं चाळायला लागले.

"भाऊ नाही तिला?"

"नाही."

"बरं," म्हणाले, आणि दुसरं बिस्किट घेतलं. त्यांच्या त्या 'बरं'चाच मला राग आला. मी पानं गोळा केली आणि सांगितलं, तुम्हाला शहरातल्या बायकांच्या कादंबऱ्या वाचायची सवय, आमच्यातलं तुम्हाला काय कळणार. ते स्वतः इथल्याच मातीतले आहेत हे लिफ्टमध्ये आठवलं.

पुन्हा जाणार नाही. पडून राहू दे कादंबरी.

१३ मार्च, गुरुवार

तीन आठवडे वही उघडली नाही. लग्नसराई, पत्रिका, प्रूफं. आज होळी.

संध्याकाळी गल्लीत होळी लावली. मी खाली गेले, नारळ टाकला, वर आले. आमच्या अंजूरला होळी म्हणजे गाव जागं. दादा आणि मी दुपारपासून खाडीवर. ओहोटीला चिखलात गुडघाभर उतरून तो निवट्या, चिखलातले ते बुळबुळीत मासे, पकडायचा, मी काठावर डबा घेऊन. निवटी हातातून सुळकन सुटायची, दादा तोंडावर पडायचा, चिखलाने भरलेल्या तोंडाने मलाच शिव्या घालायचा. घरी आल्यावर आई दोघांनाही बाहेरच्या बाहेर धुवायची. कालवणातली मोठी निवटी कायम माझ्या ताटात यायची. ती कोण टाकायचं ते मला तेव्हाही माहीत होतं.

परवा एका गिऱ्हाइकाने सांगितलं, खाडीकडची वाट आता गोडाउनच्या भिंतीमागे गेली. आमचं घर कुठून दिसतं कोण जाणे.

मला अंजूरला जायचंय. कादंबरी नको, पुस्तक नको, मला त्या ओटीवर बसायचंय आणि आतून कोणीतरी 'कोन आलंय?' म्हणून विचारायला हवंय. नायिका आठ वेळा माहेरी का जाते, ते आज कळलं. मला जाता येत नाही म्हणून मी तिला पाठवत होते.

१५ मार्च, शनिवार

फाइल चुकली नव्हती.

खरं लिहायचं म्हणून वही केली आणि पहिल्याच महिन्यात खोटं लिहिलं. आज लिहिते. दुकान बंद आहे, कोणी येणार नाही.

२०१८च्या ऑक्टोबरात हे ठाण्याच्या दवाखान्यात एकोणीस दिवस होते. मी एकटी. रूपाची परीक्षा. दिरांनी दोन रात्री काढल्या आणि मग त्यांनाही कामं निघाली. रोज वाटायचं, आज दादा येईल. तो आला बाराव्या दिवशी. शहाळ्यांची पिशवी घेऊन दारातच उभा राहिला. ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. दहा मिनिटांत 'येतो' म्हणाला आणि गेला. पुन्हा आला तो थेट मयताला. त्या दहा मिनिटांवर मी किती रात्री काढल्यात.

सात महिन्यांनी रूपाची पत्रिका लावायला बसले. मामा, श्री. भूपेश. नाव टाइप केलं होतं मी. वर-खाली सरकवलं, मध्यभागी आणलं. मग कर्सर नावाच्या शेवटी ठेवला आणि एकेक अक्षर खोडलं. ती ओळ रिकामी दिसू नये म्हणून खालची नावं वर ओढून घेतली. प्रूफ तीन दिवस टेबलावर होतं. दिरांची नावं मी चारदा तपासली. मग छपाईसाठी दामूशेठच्या प्रेसला फाइल दिली आणि सहाशे प्रती छापून आल्या.

हळदीच्या दिवशी दादाने पत्रिका खिशातून काढून माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "कम्प्युटरचा घोळ झाला रे." तो माझ्याकडे बघत राहिला. तेव्हाच सांगितलं असतं तर. त्याने मला तेवढा वेळ दिला होता, नंतर आहेर ठेवला.

भिवंडीत माझ्यासारखं प्रूफ कोणी वाचत नाही, हे तोच अभिमानाने सांगत फिरायचा.

२१ मार्च, शुक्रवार

अकरा पानं लिहिली. सहा दिवसांत, न थांबता. नायिका तेच करते जे मी केलं. तिच्या माहेरच्या घरात आता भाऊ आला. आज ती घेऊन सरांकडे गेले. दार उघडून ते बाजूला झाले, मागच्या भांडणाचं नावही काढलं नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आधीची एकशे नव्वद पानं या अकरांची तयारी आहे. अर्धी काढता येतील. पुस्तक इथे संपतं." मग पेन्सिल पुन्हा उचलली. "फक्त हे एक वाक्य. 'त्याच्या काळजाला पाझर फुटला नाही.' तुम्ही त्याच्या काळजात बसला होतात?"

"नाही."

"दहा मिनिटं आला आणि गेला, एवढंच तिने पाहिलंय. तेवढंच लिहा. का गेला ते तिला ठाऊक नसेल तर ती जागा मोकळी सोडा. माहीत नसलेलं लिहून भरायचं नाही."

ते वाक्य माझं आवडतं होतं. खोडलं. खोडल्यावर तिथे एवढी पोकळी दिसायला लागली की मी पान उलटून ठेवलं.

सरांनी विचारलं, "हा भाऊ खरंच आहे?"

"आहे."

"किती लांब?"

"नऊ किलोमीटर."

"छापायच्या आधी त्याला वाचून दाखवा. हा प्रकाशनाचा नियम नाही, माझा आहे. लोकांच्या तोंडून कळण्याआधी त्याला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे."

२७ मार्च, गुरुवार

प्रकाशकांचा फोन. सरांनी हो कळवलंय. ७ एप्रिलला, सोमवारी, अंतिम प्रत पोचली तर मे महिन्यात पुस्तक. नाही पोचली तर छपाईतला हा नंबर दुसऱ्या लेखकाला जाईल आणि मग पुढचं काही सांगता येत नाही, असं स्वच्छ सांगितलं. मी हो हो म्हटलं. चार वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं, आणि मला आनंद होण्याऐवजी अंजूर दिसत होतं.

छापलं की राघोकाकांपासून सगळे वाचतील. कम्प्युटरवर ढकललेली गोष्ट पुन्हा माझ्या पदरात येईल. दादाने आजवर थोडी तरी माया ठेवली असेल, तर तीही जाईल.

२ एप्रिल, बुधवार

आज निघाले होते. रिक्षास्टँडपर्यंत जाऊन परत आले. पत्रिकांची डिलिव्हरी आहे, असं स्वतःला सांगितलं. डिलिव्हरी उद्या आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

जाऊन आले.

शेअर रिक्षात चौघांत बसले, पिशवीत अकरा पानं. ओळखीचं काही दिसेना. जिथे शेतं होती तिथे पत्र्याच्या भिंती, ट्रेलर आडवे लागलेले, पोरं खांद्यावर पार्सलं घेऊन पळतायत. रिक्षावाल्याला सांगितलं, गावात सोड. तो म्हणाला, "गाव म्हंजे कंचा? आखा गाव गोडाउनच हाय." देवळाचा कळस दिसला तेव्हा उतरले.

दार उघडंच होतं. वहिनी भाजी निवडत ओटीवर बसली होती. मला बघून उठली नाही, ओरडलीही नाही. भाजी बाजूला सारून जागा केली. "यं," म्हणाली. आत टीव्ही चालू होता, बातम्या. तो बंद झाला.

वहिनी हळू आवाजात म्हणाली, "हायत घरान. पन भायेर येवाचं न्हाय म्हन्तील. तुना म्हाईत हाय त्यांचं."

मी म्हटलं, तो नाही आला, नाही बोलला तरी चालेल. मी वाचायला आलेय. आणि पानं काढली.

दाराला पडदा होता. त्याच्या खालून दादाचे पाय दिसत होते, खुर्चीत बसलेल्या माणसाचे. टाचांना भेगा. मी मोठ्याने वाचायला लागले. सरांनी सवय लावली होती म्हणून आवाज लागला, नाहीतर लागला नसता. बाहेरून ट्रेलर गेला की थांबायचे, तो गेला की पुन्हा सुरू करायचे. दवाखाना आला. शहाळ्यांची पिशवी आली. कर्सर आला. एकेक अक्षर खोडलं ते आलं. तिथे पडद्यामागे खुर्ची सरकली आणि मला वाटलं, संपलं, तो मागच्या दाराने निघून जातोय. पण पाय तिथेच होते. वहिनीने पदर तोंडाला लावला होता. मी कम्प्युटरचा घोळ वाचला आणि शेवटपर्यंत गेले.

वाचून झालं. मी पानं सारखी केली, पिशवीत घातली, चपला शोधायला लागले.

आतून आवाज आला. सहा वर्षांनी. जाड झालाय, बाबांसारखा.

"पुढं?"

मी म्हटलं, "पुढं काय न्हाय, दादा. हितंच सपतं."

"असं कसं सपल? तो भाव धा मिन्टांत का ग्येला, तां न्हाय लिवलंस."

"मना म्हाईत न्हाय."

वहिनी माझ्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती. तिला माहीत असणार. त्या घरात सगळ्यांना माहीत असणार, फक्त मी कधी विचारलं नाही. सहा वर्षं मी त्याच्या रागाचा विचार केला, माझ्या रागाचा केला, आणि हा एक प्रश्न मला एकदाही सुचला नाही.

"आता सांग," मी म्हटलं. रडायला यायला लागलं होतं, ते दाबलं नाही.

"आज न्हाय," दादा म्हणाला. आवाज फाटला होता त्याचा. जरा थांबून म्हणाला, "उद्या ये. वही घेऊन ये."

तो बाहेर आला नाही. मीही पडदा सारला नाही. वहिनीने कपभर चहा दिला, तो उभ्याउभ्याच प्यायला आणि निघाले.

दुकानात आल्यावर सरांना फोन केला. सांगितलं, सोमवारी प्रत येणार नाही. पुस्तक संपलेलं नाही.

"नंबर जाईल," ते म्हणाले. "पुन्हा कधी लागेल, मी सांगू शकत नाही."

"जाऊ दे, सर."

मला वाटलं फोन डाव्या कानाला आहे, ऐकूच गेलं नाही. मग म्हणाले, "किती पानं वाढतील?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "त्याला सांगायला किती दिवस लागतात, त्यावर आहे."

उद्या दोन पार्ट्या प्रूफ बघायला येणार होत्या. दोघांनाही फोन करून सोमवारी बोलावलंय.